नाव बंद झालेलं घर

रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

दादा,

ऑगस्टच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की ओतिलियावहिनीला खाली दवाखान्यात न्यायच्या वेळी गावची गाडी बिघडलेली होती. ते खरं नाही. गाडी चांगली होती. कचेरीच्या अंगणात उभी होती आणि दोघं जण ती धूत होते, कारण दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांना आणायला ती जायची होती.

हे मी तुला समोरासमोर सांगणार होते. तू येशील तेव्हा. पण परवा चुयो सरहद्द ओलांडून उत्तरेहून, अमेरिकेतून आला आणि त्याच्याबरोबर तू अबुंदिओकाकांसाठी टोपी पाठवलीस. निळी, पुढे मासा शिवलेली. मी बालवाडीच्या कागदांवर शिक्का घ्यायला कचेरीत गेले होते, माझ्यासमोरच चुयोने ती दिली. म्हणाला, मौरिलियोने सांगितलंय, गाडी चालू करायला कारभाऱ्यांनी त्या दिवशी एवढी खटपट केली, त्याबद्दल. काकांनी टोपी उलटी करून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. टोपी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले.

आई म्हणाली, जाऊ दे, टोपीच आहे. पण तू आभार मानायला लागलास, दादा. मला ते सहन होईना.

आता जे झालं ते लिहिते. तुला वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. हळू वाच, पण स्वतः वाच.

जूनच्या सभेत आपल्या घराचं नाव बंद केलं, हे मी तेव्हा कळवलं होतं. तुझ्याकडे यंदा गावशिपायाची सेवा आली होती. जानेवारीत तू आला नाहीस. पुढच्या वर्षी येतो असा तुझा निरोप सभेने ऐकून घेतला, कारण त्याआधीच्या वर्षीही तो ऐकला होता. मी उभी राहून म्हटलं की दादाची काठी मी घेते, वर्षभर कचेरीत पहारा देते, निरोप पोचवते. हे मी तुला लिहिलं नव्हतं. सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "काठी हातात धरणार की घागऱ्यात खोचणार?" फिलेमोन चिटणीस लिहिता लिहिता थांबला आणि तोही हसला. मग म्हणाला, मौरिलियो येईपर्यंत नाव बंद. बदली माणूसही चालणार नाही, हल्ली जो तो बदली पाठवतो.

नाव बंद म्हणजे काय हे आपण लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. पाण्याला अडवत नाहीत. पण गावाचं जे जे आहे ते मागता येत नाही.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी वहिनीचं बाळंतपण उजाडता उजाडता झालं. मुलगी रडली, वहिनी हसली, सगळं नीट होतं. मग रक्त थांबेना. सुईण म्हणाली, खाली न्या, आत्ताच. मी धावत कचेरीत गेले. अबुंदिओकाका टेबलाशी होते. मी गाडी मागितली. ते म्हणाले, "पोरी, तुमचं नाव बंद आहे. कुणीतरी नावाचा पुरुष आण, ज्याचं नाव चालू आहे असा, तो मागेल, मी लगेच किल्ली देतो." मी म्हटलं, ती मरतेय. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतो, पटकन आण."

ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत, हेही लिहायला हवं. गेल्या वर्षी एका कारभाऱ्याने विचारल्याशिवाय गाडी दिली आणि सभेने त्याला एक वर्षाची सेवा पुन्हा करायला लावली. काका साठीचे आहेत.

मी मामाकडे पळाले. मामा वरच्या उतारावर मका निंदत होता. ऐकलं तसं खुरपं टाकून खाली आला. पण तो आधी घरी गेला. मळक्या कपड्यांनी कचेरीत मागणं मागायला जायचं नसतं, म्हणून त्याने धुतलेला सदरा घातला. मग रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून मामीला मेस्काल दारूची बाटली शोधायला लावली. मी दारात उभी होते. मी त्याला म्हटलं नाही की असाच चल. मला ते सुचलंसुद्धा नाही, दादा. मीही शाळा शिकलेली, मलाही तेव्हा वाटलं की हो, सदरा तर बदलायलाच हवा.

आम्ही वहिनीला दाराच्या फळीवर घालून रस्त्यापाशी आणून ठेवलं होतं. ती शुद्धीवर होती. म्हणत होती, गाडीचा आवाज आला की सांगा, मी चपला घालते. मामा किल्ली घेऊन आला तेव्हा तिला चपला लागणार नव्हत्या.

अबुंदिओकाका मयतीला आले आणि भिंतीला टेकून रडले. गाडी बिघडली असं लिही, हे आईने सांगितलं. ती म्हणाली, खरं कळलं तर तो सुरा घेऊन येईल आणि तुरुंगात जाईल, मग आपल्याला कोण आहे. मला तिचं पटलं. आता तू टोपी पाठवल्यावर पटत नाही.

तू येऊ नकोस रागाने. राग सोडून कसाही ये.

इरिनेया


रविवार, ८ नोव्हेंबर

दादा,

परवा टेलिफोनच्या खोलीतून लाउडस्पीकरवर हाक आली, "मौरिलियोच्या घरच्यांनी यावं, उत्तरेहून फोन." तुला माहीत आहे ती हाक सगळ्या डोंगराला ऐकू जाते. मी पोचले तेव्हा बाकावर सात-आठ जण बसलेले होते आणि एकही हलला नाही. तू ओरडत होतास ते त्यांना सगळं ऐकू गेलं. म्हणून मी फक्त हो आणि नाही म्हणत होते. मी थंड झालेय, मला काही वाटत नाही, असं तू म्हणालास. तसं नाही.

तू विचारलंस, आणखी काय लपवलं आहेस. मी नाही म्हटलं. ते चूक होतं. बँडबद्दल मी लिहिलं होतं की वहिनीसाठी दोन धुना वाजवल्या. एकही वाजवली नाही. नाव बंद घरापुढे बँड येत नाही. पुरलंसुद्धा मामाच्या नावावर, मामाच्या जागेत. ज्या तुतारीवाल्याला वहिनी दर सणाला मक्याचे वाफवलेले तमाल खायला द्यायची तो रस्त्याच्या पलीकडे टोपी काढून उभा होता, तुतारी घरी ठेवून. आता मृतांच्या सणालाही बँड दारोदार फिरला आणि आपल्या कुंपणापाशी आल्यावर वाजवायचं थांबून चालत पुढे गेला. आईने दार लावून घेतलं. मी झेंडूच्या माळेजवळ बसून राहिले. बस्स, आता लपवलेलं काही नाही.

एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती दुसऱ्याकडून कळण्याआधी.

होनोरिनाकाकूच्या गिरणीत पहाटे आम्ही सगळ्या मका दळायला जातो. तिथे वहिनीचा विषय रोज निघायचा. रडून झालं की सगळ्या आपापलं पीठ उचलून जायच्या. एके दिवशी काकूने गिरणीचा पट्टाच काढला. म्हणाली, पीठ मिळणार नाही, आधी बोला. आणि तिने एकेकीला विचारलं, तुझ्या घरचं गावकाम कोण करतं? हर्मेलिंदा म्हणाली, मी. तिचा नवरा एलॉय तर तुझ्याच खोलीत राहतो ना, तुला माहीतच आहे, जुलैत आठवडाभर येऊन गेला तेवढाच. दुसरी म्हणाली, मी. तिसरीही मीच म्हणाली. पाट उपसतो आम्ही, रस्त्याला दगड वाहतो आम्ही, आणि चिटणीस हाक मारतो पुरुषाच्या नावाने आणि आम्ही म्हणतो, हजर. कधीपासून असं चालत आलंय कुणालाच आठवेना. काकू म्हणाली, "माझा कान्दिदो मेला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एकही गावकाम चुकवलं नाही बिचाऱ्याने."

काल पाटाच्या सफाईचं गावकाम होतं. फिलेमोनने अंगणात उभं राहून नावं पुकारली.

"कान्दिदो."

"होनोरिना," काकू म्हणाली.

फिलेमोनने मान वर केली. "कान्दिदो कुठाय?"

"तुला ठाऊक नाही? तिरडीला खांदा तर तूच दिला होतास."

पुरुष हसले. फिलेमोन म्हणाला, "होनोरिनाकाकू, सकाळी सकाळी थट्टा नको. नाव कान्दिदोचं आहे."

"मग त्यालाच बोलाव. मी फावडं नेऊन देते त्याच्याकडे."

मग "एलॉय" म्हटल्यावर हर्मेलिंदाने स्वतःचं नाव सांगितलं. इतक्या हळू की फिलेमोनने पुन्हा विचारलं, आणि तिला ते पुन्हा सांगावं लागलं. पुढच्या बायकांनीही तसंच केलं. तोवर हसणं थांबलं होतं. आपल्या घराचं नाव तर पुकारलंच नाही. मी शेवटी उभी होते. मी म्हटलं, "इरिनेया." फिलेमोन म्हणाला, तुमच्या घराला काम नाही. मी म्हटलं, काम तर मी करणारच आहे.

दिवसभर आम्ही अकरा जणींनी पाट उपसला. पुरुषांपेक्षा जास्त नाही, कमीही नाही. संध्याकाळी फिलेमोनने जाहीर केलं की कान्दिदो, एलॉय आणि बाकीचे गैरहजर होते, आणि गैरहजेरीची शिक्षा कोठडी. गैरहजर माणसं सापडेनात म्हणून त्यांच्या घरच्या बायकांना आत घातलं. माझं घर यादीत नव्हतं म्हणून मला घालत नव्हते. मी आपण होऊन गेले. कोठडी दारुड्यांसाठी बांधलेली, अकरा जणी मावत नव्हतो. काकू म्हणाली, "भिंतींनाही बरं वाटत असेल. पहिल्यांदाच कुणी शुद्धीत आलंय." आम्ही इतक्या हसलो की बाहेरच्या पहारेकऱ्याने, गप्प बसा, असं ओरडून सांगितलं.

आज सकाळी सोडलं. घरोघरी चुली थंड होत्या, हे एक कारण असावं.

तू म्हणशील, हिला चढली. वहिनीच्या मढ्यावर ही मोठी होतेय. मी स्वतःलाही ते विचारते. मला एवढंच हवंय की घरात जो कोणी गावाची सेवा करतो त्याच्या नावाने घर चालावं. बाई असली तर बाईच्या. म्हणजे गाडी मागायला मामाचा सदरा लागणार नाही.

मुलगी बरी आहे. हर्मेलिंदाची बहीण तिला अंगावर पाजते. तिचा बाप्तिस्मा अजून झाला नाही, नाव बंद घराशी धर्मनातं जोडायला कुणी पुढे येईना. आता काकू होणार आहे धर्ममाता. ती म्हणते, एवढा मोठा आवाज असलेली पोर दुसरीकडे कुठे द्यायची.

इरिनेया


रविवार, १३ डिसेंबर

दादा,

चुयो मंगळवारी परत उत्तरेला निघतोय, म्हणून घाईत लिहिते. अक्षर वाईट आहे.

हर्मेलिंदाला तिच्या भावाने मारलं. एलॉयने फोनवर त्याला सांगितलं की माझं नाव पुसणाऱ्या बायकोला समज दे. टेलिफोनच्या खोलीतच सांगितलं, बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. भावाने तिला तिथेच अंगणात धरलं. आता तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ती पोटुशी आहे, पाचवा महिना. पोटातलं हलतंय, असं सुईण म्हणाली. मी भेटायला गेले तर तिने मला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तू पुन्हा येऊ नकोस. तुला शाळा आहे, पगार आहे. मला फक्त हे घर आहे." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

एलॉय तुझ्याच खोलीत राहतो. त्याने तुझ्यादेखत फोन केला का, हे मी विचारत नाही.

अकरामधल्या तीन जणी राहिल्यात. काकू, मी आणि वरच्या आळीची मक्रीना. काकूच्या गिरणीचा पट्टा कुणीतरी कापून नेला. ती आता जात्यावर मका भरडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, माझ्या हाताला पट्टा नाही, तो कापून दाखवा.

गेल्या रविवारी सभा झाली. ठरलं ते असं. एक जानेवारीला नव्या वर्षाच्या सेवेच्या काठ्या वाटतात, त्या वेळी ज्या घराचं नाव बंद आहे त्या घराचा पुरुष रांगेत हजर हवा. नसेल, तर घराची जागा आणि शेत गावाकडे परत. घरावरून भाऊबंदांत भांडण निघालं तरी गावाकडेच परत. यंदा असं एकच घर आहे. आपलं. पुढच्या वर्षी एलॉयचं असेल, कारण जानेवारीत त्याच्याकडे शिपायाची सेवा येतेय आणि तो येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीतच त्याचंही नाव बंद होईल. हर्मेलिंदा एप्रिलमध्ये बाळंत होईल.

बुधवारी दुपारी अबुंदिओकाका घरी आले. तुझी टोपी कागदात गुंडाळून आणली होती. आईला दिली आणि म्हणाले, त्याला परत पाठवा, मला घालवत नाही. मग चुलीजवळ बसले, कॉफी घेतली. माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, मौरिलियोने यायची गरज नाही. फोनवर, लाउडस्पीकर चालू ठेवून, एवढंच म्हणू दे की माझ्या जागी मामा घराचा माणूस. मामाचा राउल काठी घेईल, वर्षभर सेवा करेल, नाव उघडेल. कुणी तुम्हाला हलवणार नाही. जागा तेवढी मामाच्या नावाखाली जाईल.

मी म्हटलं, "आणि दादाने माझं नाव घेतलं तर?"

"सभा हसेल, पोरी."

"हसू दे. पण नाव घेतलं तर? नियमात कुठे म्हटलंय की बाई नको?"

त्यांनी हातातला कप फिरवला. म्हणाले, "नियम लिहिलेला नाही. म्हणूनच तो मोडायला कुणाच्या हाताला लागत नाही. मी किल्ली सांभाळणारा माणूस आहे, इरिनेया. मला रात्री झोप येत नाही, पण तरी मी किल्ली सांभाळणाराच माणूस आहे."

उठताना त्यांनी पाळण्यात बघितलं.

आईला हे हवंय. ती म्हणते, छप्पर राहू दे, नाव काय चाटायचंय. मामा वाईट नाही. पण राउलचं लग्न ठरतंय, आणि राउलच्या बायकोला चूल लागेल. मग आई मागच्या खोलीत, मग पडवीत. हे कुणी मुद्दाम करणार नाही. आपोआप होईल.

दादा, मी तुझ्याकडे एकच मागते. तू फोन करशील तेव्हा मामाचं नाव घेऊ नकोस. माझं घे. सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं. तू घेतलंस, घरच्या पुरुषाने घेतलं, तर त्यांना निदान एकदा उभं राहून नाही म्हणावं लागेल, नुसतं हसून चालणार नाही. तू तिसरीत शाळा सोडलीस आणि मला वसतिगृहात पाठवलंस. तेव्हा तू म्हणाला होतास की लाकडं वाहायला हिच्यात दम नाही, निदान वाचू दे. मी तुला काही परत देऊ शकलेली नाही. आणि आता आणखी मागतेय. मला लाज वाटते, पण मागते.

मी चुकत असेन तर तसंही सांग. हर्मेलिंदाच्या कानाबद्दल विचार केला की मला वाटतं मी चुकतेच आहे.

टोपी चुयोकडे दिली आहे.

इरिनेया


मंगळवार, २९ डिसेंबर

दादा,

रविवारी तू बोललास ते मी ऐकलं. मी टेलिफोनच्या खोलीपर्यंत आले नव्हते. मी अंगणात कणसं सोलत होते आणि तुझा आवाज भोंग्यातून आला. पहिल्यांदा मला तो ओळखूच आला नाही. किती जाड झालाय तुझा आवाज.

तू म्हणालास, "तिचं पत्र मिळालं, तिला सांगा. सावकाश वाचलं. माझ्या घराचा माणूस मामा. इरिनेयाला म्हणावं, झालं तेवढं पुरे." मग थोडं थांबून म्हणालास, "इथे मला या सगळ्यांबरोबर राहायचंय." ते तू कुणाला सांगत होतास मला कळलं नाही. बहुतेक मलाच. तुझ्या मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. तो एलॉय होता का?

मला समजतं. एका खोलीत नऊ जण, सगळे आपल्याच गावचे, एकाच चुलीवर जेवणारे. तुझी बहीण घागऱ्यात काठी खोचणारी. द्राक्षाच्या वेलींमध्ये दिवसभर ते तुला हेच ऐकवत असणार. मी तुला दोष देत नाही. हे पुन्हा वाचलं. नाही, थोडा देते. पण वैर धरत नाही.

मामा काल आला. तोच धुतलेला सदरा घालून. आईला म्हणाला, ताई, तू काही हलू नकोस, मागची खोली तुमचीच. आई त्याच्या गळ्यात पडून रडली. सुटल्यासारखी रडली. ती ऑगस्टपासून अशी रडली नव्हती. राउल बाहेर कुंपणाला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली. चांगला मुलगा आहे. त्याला काठी नको होती, त्याला बँडमध्ये जायचंय.

ते गेल्यावर मी आईला सांगितलं, काठी मी घेणार.

ती म्हणाली, "तू काठीला हात लावलास की ते म्हणतील, घरात भांडण आहे. जागा गावाची झाली म्हणून समज."

मी म्हटलं, माहीत आहे.

"मी कुठे जाऊ?"

मी म्हटलं, मक्रीनाकडे एक खोली आहे. माझ्या पगारात होईल.

"पन्नास वर्षं मी या चुलीत लाकूड घातलंय. तुझ्या बापाने ही भिंत थापली तेव्हा मी चिखल तुडवला. आणि तुला वाटतं मी मक्रीनाच्या खोलीत मरावं, कशासाठी, त्या हर्मेलिंदासाठी? तिने तर तुला दारातून घालवलं."

ती म्हणाली ते खरं होतं. ती सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. माझ्या ताटात तोर्तिया वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. तिने आपल्या कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलंय. मामाकडे जायला की मक्रीनाकडे, हे तिने सांगितलेलं नाही.

मी दोन दिवस विचार केला. मी हे तुझ्यावर राग काढायला करतेय का, हे तपासलं. थोडा राग आहे. मोठेपणासाठी करतेय का, तेही तपासलं. कोठडीत आम्ही हसलो तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. पण ते सगळं बाजूला काढलं तरी मागे एक उरतं. मामाच्या नावाने आपलं घर उघडलं तर सगळे म्हणतील, बघा, नियमाने होतं की नीट. मग एप्रिलमध्ये कुणीतरी धावत कचेरीत जाईल आणि काका म्हणतील, एलॉयचं नाव बंद आहे, नावाचा पुरुष आण. आणि तो पुरुष म्हणजे तिला मारणारा तिचा भाऊ असेल. तो शेतातून येईल. सदरा बदलेल.

माझ्याने काही बदलेल याची खात्री नाही. बहुधा ते मला कोठडीत घालतील, जागा घेतील, आणि पुढच्या सभेत आणखी जोरात हसतील. काकू म्हणते, हसून हसून त्यांचे जबडे दुखायला लागेपर्यंत आपण उभं राहायचं. ती आणि मक्रीना माझ्या मागे उभ्या राहणार आहेत. मुलगी त्या दिवशी काकूच्या पाठीवर असेल. तिला ताप वगैरे नाही, काळजी करू नकोस. दोन दात आलेत. ती मोठी झाल्यावर तिला मी काय झालं ते सांगेन आणि त्यात तुझी बाजूही सांगेन, जेवढी मला माहीत आहे तेवढी.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. दुसऱ्या कुणाकडून वेडंवाकडं ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते. परवानगी मागत नाही. मागच्या वेळी मागितली, तेवढी बस झाली.

जुने शिपाई नव्यांना काठ्या देतात तेव्हा घरांची नावं पुकारतात. आपल्या घराचं नाव पुकारतील, मामाच्या नावाखाली, आणि राउल पुढे होईल. मी त्याच्या आधी पुढे होणार आहे.

शुक्रवारी, एक जानेवारीला, सकाळी.

इरिनेया